तापानंतर गेलेली नावं

माझं काम भांड्यांवर नावं घालायचं. कोल्हापूरच्या गंगावेशीत आमचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. गल्ल्यावर आमचे हे बसतात आणि दाराशेजारच्या स्टुलावर मशीन घेऊन मी. लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो की कुणाचं वर्षश्राद्ध, भेटीच्या भांड्यावर नाव हवंच. बाकीच्या दुकानांत गिऱ्हाइकाकडून चिठ्ठी लिहून घेतात आणि तरीही एखाद्या नवरीचा अनुस्वार खातात. मी चिठ्ठी घेत नसे. देणारा कोण, घेणारा कोण, गाव कुठलं, निमित्त काय, तोंडानं सांगा. मी ऐकणार आणि मशीन चालू करणार. इतक्या वर्षांत काना-मात्रा इकडची तिकडं झाली नव्हती. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं की त्याच्या भावजयीचं नावही मीच त्याला सांगायची. याचा मला गर्व होता, आणि का नसावा?

दोन हजार सहाच्या पावसाळ्यानंतर चिकुनगुनिया आला. ज्यांना झाला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना झाला नाही त्यांनी आमची गल्ली बघून पोटभर हसून घेतलं. अख्खी गल्ली भिंती धरून चालत होती. दुकानात मी बसले की मला उठवायला हे दोन्ही हात धरायचे, आणि त्यांना उठवायला मी. ताप चार दिवसांत उतरला. सांधे दिवाळीपर्यंत धरून होते, मग तेही हळूहळू सुटले. गल्ली सरळ चालू लागली, मीही चालू लागले. दिसायला तरी.

डोकं मात्र माझं राहिलं नव्हतं. झाऱ्या हातात धरून मी गिऱ्हाइकाला म्हणायची, "हे बघा, हे... भोकांचं." भांड्याच्या दुकानात बसून झाऱ्याला भोकांचं म्हणायचं! दूध तापत ठेवून मी पातेल्यासमोरच उभी राहायची, दुधाकडंच बघायची, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत उतू जायचं. बोलता बोलता वाक्याचं दुसरं टोक सापडायचं नाही. आणि दुपार झाली की डोकं असं जड व्हायचं, जशी काही रात्रभर कुणाच्या लग्नात राबलेय. प्रत्यक्षात मी सकाळपासून दोन तांबे आणि एक परात एवढ्यांवरच नाव घातलेलं असायचं.

सगळ्यात आधी गेली ती माणसांची नावं. समोर ओळखीचा चेहरा, त्याचं घर कुठं, त्याच्या मुलीला लग्नात आम्ही कोणता कुकर दिला, सगळं माहीत. नाव नाही. मग मी एक युक्ती काढली. कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. मी मूळची गडहिंग्लजची, त्यामुळं इतकी वर्षं मी मुद्दाम तो शब्द टाळून प्रत्येकाला नावानं हाक मारत असे. आता सरसकट सुरू केलं. या पावणं, बसा पावणं, चहा घ्या पावणं.

वाटलं होतं, कुणीतरी विचारेल की बाई, माझं नाव विसरलीस का. कसचं काय. लोक खूश! "वैनी, आत्ता झाला बगा तुम्ही कोल्हापूरच्या!" एकानं तर आनंदानं आणखी एक डबा घेतला. या गावात माणूस सगळी नावं विसरला तरी एवढ्या एका शब्दावर जन्म काढेल आणि कुणाला पत्ता लागणार नाही.

घरात सांगून बघितलं. हे म्हणाले, "मला बी इसरायला हुतंय की. वय झालं आपलं." बेचाळिसाव्या वर्षी? सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणतो. नाव दानम्मा, आवाज सगळ्या गल्लीत पोचेल असा. त्या म्हणाल्या, "बदाम भिजवून खा. आन् डोस्क्याला तेल लाव. तुमच्या पिढीला लई इचार करायची सवय." शेजारणीनं ब्राह्मीची बाटली आणून दिली. कुणी म्हणालं मन रमवा, कुणी म्हणालं शब्दकोडी सोडवा. शब्दकोडी! झाऱ्या आठवेना त्या बाईला! मी बदाम खाल्ले, तेल लावलं, आणि तेलाची बाटली कुठं ठेवली ते विसरले.

डिसेंबरात गणपतराव आले. आमचं जुनं गिऱ्हाईक, बिद्रीकडचे. त्यांचे वडील हंबीरराव जाऊन वर्ष होत आलेलं. वर्षश्राद्धाला येणाऱ्या भावकीला त्यांच्या स्मरणार्थ फुलपात्रं वाटायची होती. गणपतरावांनी सगळं नीट सांगितलं. मी चिठ्ठी मागितली नाही. मागायला हवी होती, पण इतक्या वर्षांत ज्या माणसाकडून कधी चिठ्ठी घेतली नाही त्याला आता कुठल्या तोंडानं सांगू, की तुमच्या वडलांचं नाव माझ्या डोक्यात मशीनपर्यंतसुद्धा टिकत नाही? मी दोनदा म्हणवून घेतलं, मनात घोळवलं, आणि सगळी फुलपात्रं पूर्ण केली. अक्षर इतकं सुरेख आलं होतं की माझं मलाच बरं वाटलं. खोक्यात भरून दिली, त्यांनीही न बघता नेली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला आणि गणपतराव यायला एकच गाठ पडली. हातात फुलपात्र. ते त्यांनी माझ्या नाकासमोर धरलं.

"वैनी, वाचा."

मी वाचलं. 'कै. गणपतराव यांच्या स्मरणार्थ.'

"मी जित्ता हाय की वो!" गणपतराव ओरडले. "माझी बायको सकाळपासनं रडालीया. अपशकुन म्हणती. भावकीतला एक जण तर फोनवर म्हणाला, कधी गेला, कळवलं पण न्हाईसा!"

रस्त्यावरची माणसं दारात जमली. ह्यांनी हात जोडले, सगळी फुलपात्रं परत घेतली, नवी देतो म्हणाले, चहा मागवला. गणपतराव भला माणूस. चहा पिता पिता त्यांनाच हसू फुटलं. पण मला नाही फुटलं. मी त्या अक्षराकडं बघत होते. अनुस्वार, रफार, काही चुकलं नव्हतं. माणूस तेवढा चुकला होता. मला तिथल्या तिथं मशीन फेकून द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी ती कुणी माझ्याकडून घेऊ नये असंही वाटलं.

घेतलीच. सोमवारी स्टुलावर बाळासो बसला होता. पलीकडच्या बोळातला, पूर्वी रबरी शिक्के करायचा. "थोडे दिवस," हे म्हणाले, "तू बरी हुईपर्यंत." मी म्हटलं, "म्हणजे मी आजारी आहे हे मान्य आहे तर! काल तर वय झालं म्हणत होतासा." यावर ह्यांनी गल्ल्यातली नाणी लावायला घेतली. बाळासोचं अक्षर म्हणजे सगळी अक्षरं एसटीत उभ्यानं निघाल्यासारखी, एकमेकांवर रेललेली. तो माझ्या स्टुलावर बसून 'चि. सौ. कां.' घालत होता आणि मी आत धान्याच्या डब्यांवरची धूळ पुसत होते. बाकी कशाचं नाही, पण ती जागा गेली तर मी या दुकानात कोण, हे मला कळेना. सून असायला घर होतं की.

आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, कागद बघितला आणि आनंदानं म्हणाले, "सगळं नॉर्मल!" जसं काही मी परीक्षा पास झाले. मी म्हटलं, "डॉक्टर, कागद नॉर्मल आहे. मी नाही." ते म्हणाले, "टेन्शन घेऊ नका. बायकांना या वयात होतं असं. कुठंतरी चार दिवस फिरून या." ह्यांनी लगेच मान हलवली. बाहेर आल्यावर मी सांगितलं, "मी मेंदूच्या डॉक्टरकडं जाणार. येता, का मी एकटीच जाऊ?" रस्त्यात पाच माणसं वळून बघायला लागली, तेव्हा आले.

डॉक्टर अनुजा इंगवले माझ्यापेक्षा वयानं लहान, राजारामपुरीत नवाच दवाखाना. चांगली गोष्ट म्हणजे बोलताना त्या माझ्याकडं बघत होत्या, ह्यांच्याकडं नाही. झोप कशी, दुपारी काय होतं, ताप किती दिवस होता, सगळं विचारलं. मग पेन दाखवून हे काय, घड्याळ दाखवून हे काय. ते मी सांगितलं. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, त्यातला एक मधेच पळाला. एका मिनिटात जमतील तितक्या प्राण्यांची नावं सांगा म्हणाल्या. म्हैस, गाय, बैल, कुत्रं, आणि पुढं सगळा गोठा रिकामा.

"बरं, सोपं विचारते," त्या म्हणाल्या. "तुमच्या मिस्टरांचं नाव?"

हे लगेच हसले. "आमच्यात नाव घेत न्हाईत डॉक्टर. मीच सांगतो की."

"तुम्ही नको. त्यांना सांगू द्या. ही तपासणी आहे."

"मग उखाण्यात घे की," हे मला म्हणाले. "डॉक्टरांना बी ऐकू दे तुझा उखाणा." आणि खुर्चीत मागं टेकून, हळदीकुंकवाला आल्यासारखे ऐकायला बसले.

माझा उखाणा लग्नापासून एकच. मी सुरू केला आणि तो पाठ असलेल्या आरतीसारखा आपोआप निघाला. "गडहिंग्लजची मिरची लाल, कोल्हापूरचा गूळ गोड..." आणि थांबले. पुढं नाव. नावानंतरचं 'रावांच्या संसाराला माझ्या हाताची जोड' हेही तयार होतं. मधली जागा रिकामी.

"लाजली," हे डॉक्टरांना म्हणाले.

मी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मिरची आली, गूळ आला. नाव नाही आलं. मी ह्यांच्याकडं बघितलं. हा माणूस भाकरी डाव्या बाजूनं मोडतो, चपला उंबऱ्यावर सोडतो आणि शिव्या खातो, याच्या आईचं नाव दानम्मा, याच्या बापाचं नाव बसलिंगाप्पा, हे सगळं मला येत होतं. आणि मला त्याच क्षणी कळलं की हे नाव आज गेलेलं नाही. दिवाळीपासून मी ते मनातसुद्धा उच्चारलं नव्हतं. कुणाला कळणार? अहो म्हटलं की भागतं. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग ते तिच्याकडं आहे का नाही हे तपासणार कोण?

"मला येत नाही," मी म्हटलं. "मला नाव येत नाही हो." आणि रडले. चारचौघांत मी रडत नाही, पण रडले.

ह्यांचं हसू तिथंच राहिलं. बराच वेळ त्यांना आपल्या तोंडाचं काय करावं ते कळेना. मग अगदी हळू, शाळेत हजेरी द्यावी तसं म्हणाले, "शशिधर."

"हां," मी म्हटलं. "शशिधर." ऐकल्याबरोबर ओळखलं. ओळखीचं होतं, माझंच होतं.

डॉक्टरांनी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "हे बघा, नाव गेलेलं नाही. गेलं असतं तर ऐकून ओळखलं नसतं. तिथवर पोचायची वाट खराब झालीय. आणि हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत."

"मग काय आहे?" मी विचारलं. "सगळे म्हणतात ताप गेला."

"विषाणू गेला. त्याच्याशी लढायला तुमच्या शरीरानं जी फौज उठवली ती अजून झोपलेली नाही. गल्लीत चोर शिरला, पळून गेला. पण माणसं अजून काठ्या घेऊन जागीच आहेत, असं समजा. लढताना शरीर रक्तात काही रसायनं सोडतं. त्यांनीच ताप येतो, अंग दुखतं, आणि मेंदूलाही ती मंद करतात. मेंदूत स्वतःच्या राखणदार पेशी असतात. त्या एकदा चेतवल्या की काही जणांत लवकर शांत होत नाहीत, आणि मग आजूबाजूच्या पेशींचे निरोप नीट पोचत नाहीत. शिवाय सांधेदुखीनं तुमची झोप मोडली, ती अजून नीट लागत नाही. लक्ष टिकत नाही, म्हणून ऐकलेलं आत साठत नाही. साठलेलं पटकन हाती लागत नाही."

"हे नक्की?" ह्यांनी विचारलं.

"नक्की नाही," डॉक्टर म्हणाल्या. "वेगवेगळ्या तापांनंतर असं होतं हे जुनं आहे. नेमकं कसं होतं, एखाद्यालाच का होतं, ते अजून शोधतायत. तुमच्या मेंदूचा स्कॅन करू, थायरॉइड आणि बी-ट्वेल्व्ह बघू, म्हणजे दुसरं काही नाही ना ते कळेल. यावर गोळी नाही. एका वेळी एक काम, दुपारी झोप, दमायच्या आधी थांबायचं. बहुतेक जण काही महिन्यांत सुधारतात."

"बहुतेक," मी म्हटलं.

"हो. बहुतेक. खोटं कशाला सांगू?"

मला राग यायला हवा होता. गोळी नाही, तारीख नाही. पण गेल्या तीन महिन्यांत 'मला माहीत नाही' असं म्हणणारं पहिलंच माणूस भेटलं होतं, आणि मला तिला लाडू आणून द्यावेसे वाटले.

तपासण्या झाल्या, दुसरं काही निघालं नाही. आणि घरात एक नवीनच ताप सुरू झाला. आमच्या ह्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे, दुकानात गिऱ्हाईक शिरलं की हे गल्ल्यावरून गर्जायचे, "या या जोतीराम! बसा जोतीराम! काय म्हणतंय गडहिंग्लज, जोतीराम?" म्हणजे मला नाव कळावं. जोतीराम बिचारे दचकून मागं बघायचे. घरी तर कहर. दाराची कडी वाजली की बाहेरून आवाज, "शशिधर आलाय!" जेवायला बसताना, "शशिधरला भाकरी वाढ." अव्वा मला आत बोलावून म्हणाल्या, "तापानं तुझं डोस्कं गेलतं म्हणं. माझ्या लेकाचं बी गेलं काय?" शेजारीपाजारी खिडकीतून बघायचे. मी सांगितलं, असलं काही करू नका, मला लाज वाटते. "वाटू दे," ते म्हणाले, आणि अंघोळीला जाताना पुन्हा, "शशिधर अंगुळीला निघालाय!"

या सगळ्याचा वैताग आला. खरंच आला. पण दुपारी मी झोपायला लागले, कारण बाळासो बसला होता, आणि झोपून उठल्यावर दोन तास बरे जायचे. त्या दोन तासांत मी मोकळ्या पत्र्यावर अक्षरं गिरवायची. नाव कुणाला तरी शेजारी बसून पुन्हा पुन्हा सांगावं लागायचं. कधी झाऱ्या आठवायचा, कधी किसणी जायची. एक दिवस बरा, दोन दिवस वाईट.

मे महिन्यात लग्नसराई ऐन भरात. दुकानात उभं राहायला जागा नाही. बाळासो घाम पुसत घागरीवर नाव घालतोय, अव्वा कोपऱ्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतायत, मी आत पातेली मोजतेय. तेवढ्यात एक म्हातारी बाई आत आल्या, आणि हे गर्जले:

"या या धोंडुबाई! बसा धोंडुबाई! विद्या, बघ की, धोंडुबाई आल्यात!"

बाईंनी इकडं तिकडं बघितलं. मी बघितलं. हनुवटीवरचं गोंदण, जयसिंगपूरला दिलेली लेक, तिला नुकताच झालेला मुलगा, मागच्या वर्षी नेलेला हंडा. ह्यांनी पुन्हा सुरू केलं, "धोंडुबाईंना पाणी द्या रे!" आणि माझं डोकं फिरलं. एक तर बोंबलायचं, वर चुकीचं बोंबलायचं!

"शशिधर!" मी आतून ओरडले. "त्या तानाबाई हायत! तानाबाई! धोंडुबाई त्यांची जाऊ! येत नसलं तर गप बसा की!"

अख्खं दुकान माझ्याकडं वळलं. बाळासोची मशीन घागरीवर तशीच घरघरत राहिली. अव्वांनी तोंडाला पदर लावला. "नवऱ्याला?" त्या म्हणाल्या. "नावानं? गिऱ्हाइकासमोर?"

मला अजून कळलं नव्हतं. मला वाटलं मी जोरात ओरडले म्हणून सगळे बघतायत. मग ह्यांच्याकडं बघितलं. गल्ला उघडा टाकून ते उभे होते, आणि त्यांचे डोळे भरले होते.

"परत म्हण," ते म्हणाले.

"आता नाही," मी म्हटलं. "गिऱ्हाईक खोळंबलंय." मी बाळासोकडं वळले. "ऊठ बाबा. तू पातेली मोज. घागरीचा सत्यानाश केलास."

मी स्टुलावर बसले. ते माझ्यापेक्षा उंच माणसाच्या मापानं वर केलेलं होतं, ते खाली केलं. तानाबाई तांब्या घेऊन समोर आल्या.

"मी कोण ते ठरलं न्हवं का आता?" त्यांनी विचारलं.

"ठरलं," मी म्हटलं. "नातवाच्या बारशाचा ना? त्याचं नाव सांगा. आणि तानाबाई, तेवढं चिठ्ठीवर लिहून पण द्या."